रात्री जिंकणारा, दिवसा हरणारा संघ

आमचा संघ रात्री जिंकत होता आणि दिवसा हरत होता. कोड तोच, समोरचा संघ तोच, कॉम्प्युटरही तोच. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी रोबो-फुटबॉलच्या द्विमितीय सिम्युलेशन संघावर काम करतो. स्पर्धा तोंडावर आली असताना हे कोडं आमच्यापुढे उभं राहिलं.

रोबोकप ही रोबोंच्या फुटबॉलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिच्या या गटात धातूचे रोबो नसतात. 105 बाय 68 मीटरचं मैदान सर्व्हरमध्ये असतं आणि प्रत्येक खेळाडू हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. दर 100 मिलिसेकंदांनी सर्व्हर एक सायकल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, पुढे जातो, अशा 6000 सायकलींचा म्हणजे दहा मिनिटांचा सामना. खेळाडूला जग धूसर दिसतं. वस्तू जितकी लांब, तितका तिचा अंदाज कच्चा. नजर 60 अंशांपुरती आवळली तर दर सायकलला चित्र मिळतं, 180 अंशांपर्यंत पसरली तर तीन सायकलींतून एकदा. सोबत्याला ओरडून काही सांगायचं तर दहा अक्षरांत. ही दहा अक्षरांची अट मला मनापासून आवडते. अकरा जणांना मिळून एकच मेंदू देऊन टाकायची पळवाट ती बंद करते, आणि मग संघ खरोखर संघासारखा घडवावा लागतो.

आमच्या एका विद्यार्थिनीने पास निवडण्याची पद्धत बदलली होती. चेंडू ताब्यात आला की खेळाडू पुढच्या शक्यता झाडासारख्या मांडत जातो: डावीकडे पास, तिथून पुढे आणखी एक पास, मग गोलवर फटका. प्रत्येक फांदीला गुण द्यायचे आणि सर्वांत चांगली निवडायची. आधी हे गुण हाताने लिहिलेल्या सूत्रातून यायचे, तिने तिथे छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, बसवलं. जर्मनीत ही वाट नवी नाही. ओस्नाब्रुकच्या ब्रेनस्टॉर्मर्स संघाने खेळाडूंना अनुभवातून शिकायला लावून 2005, 2007 आणि 2008 साली या गटाचं विजेतेपद मिळवलं होतं.

फटक्यात आणि धावण्यात सर्व्हर मुद्दाम यादृच्छिक चूक मिसळतो, त्यामुळे एका सामन्याच्या निकालावरून काहीच कळत नाही. शेकडो सामने खेळवावे लागतात. ते आम्ही रात्री लावून ठेवायचो, आणि सकाळी येणारे आकडे डोळे दिपवणारे होते. मात्र दिवसा मोठ्या पडद्यावर सामना लावला की मधल्या फळीत चेंडू हातचा जायचा, तोही पुन्हा पुन्हा.

एके दिवशी मी सकाळपासून रिप्ले बघत बसलो. योगायोग म्हणावा तर पराभव एकाच साच्याचे होते. नजरेतल्या धूसरपणावर संशय घेतला, पण धूसरपणा रात्रीही तेवढाच होता. मग एक पास मी सायकल-सायकल पुढे सरकवत पाहिला. दिशा अचूक होती, पण ती आधीच्या सायकलमधल्या मैदानासाठी अचूक होती. एका सायकलमध्ये प्रतिस्पर्धी साधारण 1 मीटर सरकू शकतो आणि चेंडू जास्तीत जास्त 3 मीटर. चेंडू जेमतेम मीटरभर अंतरात असेल तरच त्याला पाय लावता येतो. तिथे एक सायकल हुकली की खेळ गेला.

सर्व्हर प्रत्येक सामन्याची आज्ञांची नोंद ठेवतो: कोणत्या सायकलला कोणत्या खेळाडूने काय सांगितलं. ती उघडली आणि भोकं दिसली. चेंडू असलेल्या खेळाडूच्या ओळी मधूनमधून गायब, आणि त्या गायब होत होत्या नेमक्या विरोधी खेळाडू अंगावर आल्यावर. गर्दी वाढली की शक्यता वाढतात, फांद्या वाढतात, नेटवर्कचं काम वाढतं. सर्वांत घाईच्या क्षणी आमचा खेळाडू सर्वांत हळू विचार करत होता.

रात्री हे दिसत नव्हतं, कारण सामने लवकर उरकावेत म्हणून ते सर्व्हरच्या समकालिक पद्धतीत चालायचे. त्यात सर्व्हर घड्याळाकडे बघत नाही, प्रत्येक खेळाडूचा ‘झालं’ असा संदेश येईपर्यंत थांबतो. विचाराला किती वेळ लागला याची किंमतच शून्य होते.

“म्हणजे नेटवर्क चुकीचं नाही?” तिने विचारलं.

“नाही. उत्तर बरोबर आहे, पण मागच्या सायकलच्या प्रश्नाचं.”

नेटवर्क आणखी लहान करावं असं मी सुचवलं, तिला ते पटलं नाही. तिचा उपाय जास्त चांगला निघाला. जुनं सूत्र स्वस्त होतं, म्हणून आधी त्याने फांद्यांचा क्रम लावायचा, मग नेटवर्कने वरून एकेक तपासत जायचं आणि वेळ संपला की तोपर्यंतची सर्वोत्तम फांदी घेऊन थांबायचं. मर्यादा 100 मिलिसेकंदांच्या बरीच आत ठेवली, कारण दृश्य सायकलच्या आरंभालाच हातात पडेल असं नसतं, शिवाय अकरा खेळाडू आणि कोच एकाच प्रोसेसरवर भांडत असतात.

खरी कसरत रात्रीच्या चाचणीत वेळ परत आणण्याची होती. भिंतीवरचं घड्याळ तिथे कामाचं नव्हतं. अनेक सामने एकाच वेळी चालू असताना खेळाडूचा अर्धा वेळ नुसता रांगेत जातो आणि त्याचा दोष त्याच्या विचाराला लागतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः वापरलेला प्रोसेसरचा वेळ मोजला. मर्यादा ओलांडली की त्या सायकलला खेळाडूने कोणतीही आज्ञा न देता फक्त ‘झालं’ कळवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयांचं प्रमाण आधीच्या रात्रींपेक्षा चांगलंच खाली आलेलं होतं, आणि ते बघून आम्हाला आनंद झाला. जुन्या सूत्रापेक्षा ते अजूनही वर होतं, आणि दिवसाचे सामने आता त्याच्याशी जुळत होते. मग तिने आधीच्या सगळ्या रात्रींचे निकाल बाद करायला लावले. बचावाच्या दोन रचना आम्ही त्याच निकालांवरून निवडल्या होत्या. स्पर्धेला निघण्याआधी त्या नव्याने तपासायला लावल्या, आणि त्यातली एक टिकली नाही.