तुम्ही विचारलंत म्हणून : जेलशेजारी भीती नाही का वाटत?

येरवड्याला राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, जेलच्या इतक्या जवळ, भीती नाही वाटत? नाही हो वाटत. जेल १८७१ पासून तिथंच आहे, आम्ही नंतर आलो. २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी कसाबला फाशी दिली तेव्हाही आम्हाला तुमच्यासारखंच टीव्हीवरनं कळलं, मी पोरांचे डबे भरत होते.

जड जातात ते कैद्यांच्या भेटीला येणारे लोक. रात्रभर एसटीत बसून आलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, आणि मोबाइल आत नेता येत नाही तर तो ठेवायचा कुठे म्हणून दारोदार विचारत फिरणारे.

सहा-सात वर्षांपूर्वी अशीच एक बाई आली, बोलण्यावरून बीडकडची वाटली, सोबत चारेक वर्षांची मुलगी. नेहमीची टपरी त्या दिवशी बंद होती. ताई, एवढी पिशवी अन् फोन ठेवता का, तासाभरात येते. मी नाही म्हणाले. मुलीनं पाणी मागितलं, ते दिलं, दारातच, स्टीलच्या पेल्यात. आणि ती गेल्यावर तो पेला घासून वेगळा ठेवला. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या जेलमध्ये १९३२ ला पुणे करार झाला त्याच्या शेजारी राहून मी पेला वेगळा ठेवला. दुपारी भाजी आणायला निघाले तर ती टपरीच्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीत, मुलगी तिच्यावर डोकं टेकून झोपलेली. भेट झाली का विचारलं तर म्हणाली, टाइम गेला, आता उद्या. रात्री कुठं राहणार हे मी विचारलं नाही.

आता तेव्हाची मी मला म्हणते, घरात दोन लहान पोरं होती, पिशवीत काय असेल कुणाला माहीत. बरोबर आहे तिचं. पण २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होते, म्हणजे खटलाच संपलेला नाही, आणि मी दारात उभी राहून त्या माणसाला दोषी धरलं, वर त्याच्या बायकोपोरीलाही. आणि असेल समजा खरंच दोषी, तरी त्या पोरीचं काय?

परवा एक म्हातारे बाबा आले, हातात फोन अन् कापडी पिशवी. फोन ठेवून घेतला. पिशवी नाही घेतली.