पाऊस वर, पूर खाली

ॲरिझोनातल्या टूसान शहराच्या उत्तरेला सांता कॅटलिना डोंगररांग आहे. तिथून उतरणारे ओढे वर्षातले बहुतेक दिवस कोरडे ठणठणीत असतात. इथली माणसं त्यांना वॉश म्हणतात. पावसाची आणि ओढ्याच्या पातळीची यंत्रं चालू ठेवणं हे माझं काम. पर्जन्यमापकात एक छोटी वाटी असते. एक मिलिमीटर पाऊस साठला की ती कलंडते आणि दर वेळी रेडिओवरून संदेश जातो.

ऑगस्टमधली दुपार होती. एका ओढ्याच्या पात्रात उतरून मी पातळीमापकाच्या नळीत बसलेला गाळ काढत होते. डोक्यावर लख्ख ऊन. थोडं खाली एक कुटुंब आलं होतं, दोन मुलं वाळूत खड्डा खणण्यात रमली होती. डोंगरमाथ्यावर मात्र सकाळपासून फुगत गेलेल्या ढगाचा तळ आता काळाकुट्ट झाला होता. फोनवर वरच्या मापकाचे आकडे पाहिले, तर वाटी मिनिटाला एकदा, कधी दोनदा कलंडत होती. वरच्या थरात वारा जवळजवळ नव्हता, त्यामुळे ढग पुढे न सरकता एकाच खोऱ्यावर ओतत होता.

मी हत्यारं उचलली आणि त्या कुटुंबाकडे धावले. "मुलांना घेऊन आत्ताच्या आत्ता वर चला."

"पण इथं तर एक थेंबही नाही," वडील म्हणाले.

मी डोंगराकडे बोट केलं. "तिकडे पडतोय तो याच वाटेनं येणार." त्यांनी एकदा वर पाहिलं आणि धाकटीला कडेवर घेतलं.

वाळवंटातली जमीन पाणी गटागटा पिऊन टाकेल, असं पुष्कळांना वाटतं. या डोंगरउतारांवर मात्र उघडा खडक आणि वीतभर माती. पायथ्याशी बऱ्याच ठिकाणी मातीखाली कॅलिची नावाचा चुन्याचा टणक थर, त्यातून पाणी सहजी मुरत नाही. शिवाय 2020 च्या बिगहॉर्न वणव्यात या रांगेचा मोठा भाग जळाला. भाजलेली माती पाणी आत घेण्याऐवजी झटकून टाकते. वर्षाला सरासरी 27-28 सेंटीमीटर पावसाचा हा मुलूख, त्यातला निम्मा मोसमी महिन्यांत, तोही असा घटकाभरात कोसळणारा.

आधी आवाज आला, खडीवरून भरलेला ट्रक यावा तसा. मग वळणावरून जे आलं ते पाणी वाटतच नव्हतं. तपकिरी फेस, फांद्या, निवडुंगाचे तुकडे, एकमेकांवर आदळणारे धोंडे. तोंडाशी लोंढा गुडघाभर होता, मागून कंबरभर. मुलांचा खड्डा आणि माझी नळी दोन्ही दिसेनाशी झाली. मोठा मुलगा आईचा हात घट्ट धरून नुसता बघत राहिला. आम्ही कुणीच बोललो नाही.

खाली रस्ता पुलावरून नव्हे, सरळ पात्रातून जातो. तिथे अडथळे लावले गेले तोवर एक पिकअप काठाशी येऊन थांबला होता. मी हातवारे करत ओरडले आणि तो चालक मागे फिरला, याचं मला आजही फार बरं वाटतं. वाहतं पाणी 15 सेंटीमीटर असलं तरी माणसाला पाडू शकतं, 30 मध्ये छोटी गाडी तरंगू लागते, 60 मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. अडथळा ओलांडून पाण्यात अडकणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदा या राज्यात 1995 पासून आहे. तो हवाच, असं माझं ठाम मत आहे. याच परिसरातल्या टँके वेर्दे धबधब्यावर जुलै 1981 मध्ये अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला होता.

संध्याकाळी नोंदी जुळवल्या. त्या ओढ्याकाठच्या आमच्या मापकात दिवसभराचा पाऊस शून्य होता. अहवालात मी लिहिलं, की या रस्त्यावरचे अडथळे कधी लावायचे ते डोंगरावरच्या मापकावरून ठरवा, इथल्या पावसाची वाट पाहू नका. त्या मापकाची इशारा-मर्यादा किती ठेवायची, यावर सध्या आमचं काम चालू आहे.