मंजिष्ठेचा लाल आणि सुताची धुलाई

सुतावर मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, डागाडागांनी बसली की बोल रंगाला लागतो. खरी चूक बहुतेक वेळा दोन दिवस आधीची, धुलाईतली असते. कोऱ्या सुतात मेण आणि पेक्टिन असतं. ते निघालं नाही तर रंगाला सुतावर धरून ठेवणारी तुरटी आत शिरतच नाही.

500 ग्रॅम कोरड्या सुताचा हिशेब धरू. लडी चार जागी सैल, आठाच्या आकड्यासारख्या फेऱ्याने बांधा. गाठ आवळली तर तिथे पांढरं राहतं आणि विणल्यावर ते ठिपके कापडभर विखुरतात. 15 लिटर पाण्यात 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर मंद उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं. तो मळ निघतोय. आता परीक्षा: धुऊन वाळलेल्या लडीवर पाण्याचा थेंब सोडा. टाकताक्षणी जिरला तर झालं. वर टपोरा बसून राहिला तर पुन्हा उकळा, इथे आळस नको.

मग 100 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून लड्या रात्रभर भिजवा. लोकर तुरटी थेट धरते, सुताला हिरड्यातल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, आधार लागतोच. पिळून, न धुता, गरम पाण्यात विरघळवलेल्या 100 ग्रॅम तुरटीत आणखी एक रात्र. नंतर हलकं खळबळून घ्या, नाहीतर सुटी तुरटी रंगाला भांड्याच्या तळाशीच बसवते.

मंजिष्ठा सुताइतकीच, 500 ग्रॅम. रात्री भिजवून फडक्यातून गाळलेली. भांडं स्टीलचं, लोखंडाने लाल काळवंडतो. आच हळूहळू 65 अंशांवर न्या, तासभर ठेवा, लड्या सतत फिरवा. 75 च्या वर गेलं की मुळातले तपकिरी रंग सुटतात आणि लाल मातकट होतो. अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा. आच बंद करून भांड्यातच गार होऊ द्या.

ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं, सगळं सूत एकाच भांड्यात रंगवा, वर 10 टक्के जास्तीचं. बाण्यातला, म्हणजे आडव्या धाग्यांतला, फरक दोन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) आलटूनपालटून चालवले की लपतो, ताण्यातला उभा पट्टा होऊन डोळ्यांत भरतो. रंगवताना सुताला लव सुटते, म्हणून ताण्याला पातळ पेजेची खळ द्या. लडी ताणून वाळवा आणि अर्धवट ओली असतानाच धागे सुटे करा. चिकटलेला धागा मागाच्या फणीत हमखास तुटतो.

शिवलेला कपडा सोड्याच्या साबणाने धुऊ नका, लाल जांभळट पडतो.