चिखलातले पक्षी ओळखायचेत? आधी ते खातात कसे ते बघा

किनाऱ्यावरच्या पक्ष्यांबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "सगळे सारखेच दिसतात". आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच तसं वाटतं, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर शेकडो पक्षी विखुरलेले, वरून तपकिरी, खालून पांढरे, त्यात हिवाळ्यातला पिसारा आणखीच फिका, मग पुस्तक उघडावं तर पानभर एकसारखी चित्रं. बरेच जण इथेच कंटाळतात आणि परत मोठ्या, सोप्या पक्ष्यांकडे वळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पक्ष्यांच्या जगात इतक्या तऱ्हा एका जागी क्वचितच बघायला मिळतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की रंगाच्या मागे लागू नका. नावाच्याही नको, निदान सुरुवातीला. एक पक्षी निवडा, पाच मिनिटं त्याला फक्त खाताना बघा आणि स्वतःला विचारा, हा डोळ्यांनी शोधतोय की चोचीने चाचपडतोय?

चिखल्या घ्या. म्हणजे प्लोव्हर. चोच आखूड, डोके गोल, डोळे शरीराच्या मानाने मोठ्ठे. हा पळतो, एकदम थांबतो, बघतो, टिपतो, परत पळतो. पळणं-थांबणं-टिपणं ही चाल एकदा डोळ्यात बसली की खूप लांबून, रंग दिसायच्या आधीच कळतं की हा चिखल्यांपैकी कोणीतरी आहे. टिटवीसुद्धा याच घराण्यातली, तिची चाल नीट बघा, तेच दिसेल. थांबायचं कारण असं की किडा चिखलाच्या वर जरासा हलतो तेवढीच संधी असते आणि ती नजरेनेच पकडायची असते. म्हणूनच चिखल्ये खाताना एकमेकांपासून अंतर ठेवून असतात, शेजारी कोणी धबाधब चाललं तर किडे खाली बिळात जातात आणि मग बघायला काही उरतच नाही.

आता त्याच चिखलावर तुतवारांचा, म्हणजे सँडपायपरांचा, थवा बघा, त्यातही डनलिनसारखे. मान खाली, आणि चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी खाली-वर, खाली-वर, खांद्याला खांदा लावून सगळे एकत्र. यांना गर्दी चालते कारण यांचा शोध नजरेवर फारसा अवलंबून नसतो. चोचीच्या टोकाला बारीक खळगे असतात आणि त्यात दाब ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके. रेड नॉट नावाचा पक्षी तर याच्याही पुढे जातो. १९९८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो ओल्या वाळूत चोच खुपसतो तेव्हा वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो, आणि आत कुठे शिंपला असेल तर त्या दाबात फरक पडतो, तो फरक या पक्ष्याला चोचीच्या टोकाला कळतो. म्हणजे शिंपल्याला चोच लागायचीही गरज नाही! मला हे वाचल्यापासून वाळूत चोच खुपसणारा कुठलाही पक्षी वेगळाच दिसायला लागलाय.

पण शिंपला किंवा किडा सापडला तरी तो पकडायचा कसा, चोच तर आत रुतलेली, आजूबाजूला गच्च चिखल, तोंड उघडायला जागा नाही. त्यावर उपाय असा की गॉडविट (लांब चोचीचा किनाऱ्यावरचा पक्षी), पाणलावा (स्नाइप), डनलिन हे वरच्या चोचीचं फक्त टोक उचलू शकतात, बाकी चोच मिटलेलीच. कधी आळस देणारा पाणलावा किंवा गॉडविट दिसला तर नक्की बघा, चोचीचं टोक वर वळलेलं स्पष्ट दिसतं.

आणि वुडकॉक! पाणलाव्याचाच नातेवाईक, पण ओल्या जंगलात राहणारा. त्याचे डोळे डोक्यावर इतके मागे आणि वर आहेत की त्याला चारही बाजूंनी दिसतं, मागचंसुद्धा. गांडूळ शोधायचं काम चोचीकडे दिल्यावर डोळे ससाण्यावर आणि कोल्ह्यावर लक्ष ठेवायला मोकळे राहिले.

डोळे की चोच, हाच प्रश्न मोठ्या पक्ष्यांना लावला की मजा येते, कारण उत्तर घराण्यांच्या सीमा ओलांडून जातं. बगळे सगळे नजरेचे. राखी बगळा अर्धा तास न हलता उभा राहतो तो ध्यानस्थ वगैरे नसतो, तो बघत असतो, आणि बगळ्यांचे डोळे असे बसवलेले असतात की मान न वाकवता त्यांना चोचीखालचं, पायाशी काय आहे तेही दिसतं. पाण्यात मासा असतो तिथे दिसत नाही, प्रकाश वाकतो, पण बगळ्याचा घाव तो फरक धरूनच पडतो. लहान बगळा पिवळ्या बोटांनी चिखल ढवळतो आणि घाबरून निघालेलं टिपतो. आफ्रिकेतला काळा बगळा पंख पुढे ओढून स्वतःभोवती गोल छत करतो आणि त्या सावलीत मासे टिपतो. काही बगळे तर पाण्यावर पीस किंवा किडा टाकून माशाला आमिष दाखवतात.

चित्रबलाक मात्र स्पर्शवाला. गढूळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून चालत राहायचं, काही लागलं की चोच बंद. त्याच्याच अमेरिकेतल्या भावंडाची, वुड स्टॉर्कची, चोच मिटायला साधारण २५ मिलिसेकंद लागतात. चमच्या (स्पूनबिल) या पक्ष्याचंही तेच, चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत जायचं. त्यामुळे पाणी गढूळ असलं तरी यांचं अडत नाही. आता तुम्हीच सांगा, गढूळ तळ्यावर आधी कोण उपाशी राहील, बगळा की चमच्या?

काहींना मात्र या दोनच खणांत बसवता येत नाही. अॅव्होसेट वर वळलेली चोच पाण्यात फिरवतो पण नजरेनेही टिपतो. ऑयस्टरकॅचरमध्ये काही शिंपल्यावर घाव घालून फोडतात, काही फटीतून चोच घालून आतला स्नायू कापतात आणि काही किडेच खातात, आणि ज्याची जी पद्धत त्यानुसार चोचीचं टोक झिजून वेगळं होतं. न्यूझीलंडच्या रायबिलची चोच बाजूला वळलेली असते, आणि नेहमी उजवीकडेच, नदीतल्या दगडांखालचे किडे काढायला. फॅलारोप पाण्यावर गोल-गोल फिरून खालचं खाणं वर आणतो, चोचीत एक थेंब धरतो आणि चोच बारीक उघड-मीट करून तो थेंब, आतल्या जीवासकट, वर घशाकडे नेतो. गिळायला जिभेने ओढावं लागत नाही, थेंबच वर चढतो. (फॅलारोपमध्ये मादी जास्त रंगीत असते आणि अंडी नर उबवतो, कमळपक्ष्यातही अंडी उबवणारा नरच, पण तो वेगळा मोठा विषय आहे.)

एवढं सगळं खाणं-खाणं का चाललंय माझं, तर यातल्या बऱ्याच पक्ष्यांचं अख्खं वर्ष त्या खाण्यावर उभं आहे. २०२२ मध्ये एक बार-टेल्ड गॉडविट, जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू, अलास्काहून निघालं ते थेट टास्मानियाला उतरलं, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही थांबा नाही. पाण्यावर बसून विश्रांती घेणं यांना जमत नाही. निघायच्या आधी गॉडविट इतकी चरबी साठवतात की वजनाचा जवळपास अर्धा भाग तीच असते, आणि पोटातले अवयव आक्रसून घेतात, उडताना त्यांचा उपयोग नाही म्हणून. ही चरबी चिखलातून येते. दुसरीकडून नाही.

म्हणून कुणी खाडीच्या चिखलाला "पडीक जागा" म्हटलं की मला राग येतो. दक्षिण कोरियात सेमनगमला सुमारे ३३ किलोमीटरचा बांध घालून २००६ मध्ये भरतीचं पाणी अडवलं. पिवळ्या समुद्राच्या काठावरची ती जागा म्हणजे रेड नॉटच्या भाऊबंदाचा, ग्रेट नॉटचा, स्थलांतराच्या वाटेवरचा मोठा थांबा होता. ते शेजारच्या खाडीत गेले असतील असं वाटेल, पण तसं झालं नाही, हिवाळ्यात ते जिथे जातात त्या ऑस्ट्रेलियातच त्यांची संख्या घटली. शेजारच्या खाडीत आधीच दुसरे पक्षी चरत असतात, तिथे जास्तीचं ताट वाढलेलं नसतं. चमच्यासारख्या चोचीचा इवलासा तुतवार, स्पून-बिल्ड सँडपायपर, याच वाटेवरचा आणि आता जगात काहीशेच उरलाय. स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू या लांब, वाकड्या चोचीच्या पक्ष्याची शेवटची खात्रीची नोंद मोरोक्कोतली, १९९५ ची, आणि २०२५ मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला.

बघायला जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब पाण्याच्या रेषेवर पांगलेले असतात, काही दिसत नाही. भरती चढत असताना, पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जा, पाणी त्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं आणि तोवर ते खातच असतात. सूर्य पाठीशी ठेवा. एका जागी बसा. आणि पूर्ण भरतीला ते कोरड्या पट्ट्यावर दाटीने एका पायावर उभे राहिले की फोटोसाठी जवळ जाऊ नका, ड्रोन तर नकोच, कारण एकदा थवा उडाला की खाल्लेलं त्यातच खर्च होतं आणि पुढचं खाणं पाणी उतरेपर्यंत मिळत नाही.