हॅमरस्मिथ अपोलो, ७ जुलै: 'स्टॉल्स' म्हणजे खुर्ची नव्हे

एक गोष्ट आधी सांगते, मग बाकीचं वाचा किंवा वाचू नका. लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत पॉप गायिकेचा कार्यक्रम असेल आणि तिकिटावर 'स्टॉल्स, अनरिझर्व्ड' असं असेल, तर खाली खुर्ची नसते. एकसुद्धा नसते. मी जागा धरायला रुमाल नेला होता.

हसू नका. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझं बालपण गेलंय. अनरिझर्व्ड म्हणजे जो आधी पोचेल त्याची जागा, एवढाच अर्थ मला ठाऊक. आणि स्टॉल म्हणजे बाल्कनीच्या खालच्या खुर्च्या, हे पुण्याच्या थेटरांत शिकलेलं. तिथे आत शिरल्यावर समोर नुसती उतरती जमीन, आणि त्या उतारावरून जिवाच्या आकांताने पुढे धावणाऱ्या शेकडो मुली. माझी लेक त्यांच्यात कधी मिसळली ते कळलंसुद्धा नाही. रुमाल हातातच राहिला.

आज ८ जुलै २०२२. किंग्ज क्रॉसहून लीड्सला परतताना गाडीतच हे लिहितेय. पोटऱ्या दगड झाल्यात, तेव्हा कुठे सूर वर गेला तर तो पोटऱ्यांचा समजा.

कार्यक्रम अमेरिकन पॉप गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोचा. वय १९, स्वतःच्या नावावर काढलेला पहिलाच दौरा, आणि तो काल रात्री इथेच संपला. म्हणजे हे तिच्या पुढच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांच्या काही कामाचं नाही. तुमच्या घरातल्या मुलीची जी कोणी लाडकी गायिका यापुढे पहिला दौरा काढेल, तिच्यापायी रांगेत उभं राहावं लागणाऱ्या आईबापांसाठी आहे. दोन-तीन तास उभं राहणं, जिने, गर्दी हे तुम्हाला झेपतं असं धरून चालते. नसेल झेपत, तर पुढे वाचूच नका, सरळ वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या.

पहिल्या दौऱ्याचं तिकीट मिळत का नाही, ते आधी. तिचा 'सावर' हा पहिला अल्बम मे २०२१ मध्ये आला. डिसेंबरात दौरा जाहीर झाला, तोही मोठमोठ्या अरिनांचा नाही, काही हजारांच्या थिएटरांचा. मग ३ एप्रिलला तिला तीन ग्रॅमी मिळाले आणि ५ तारखेला पोर्टलंडहून दौरा सुरू झाला. म्हणजे नाव मिळालं अरिनाएवढं आणि जागा मात्र थिएटरएवढीच. लंडनच्या ओ-टू अरिनात वीस हजार माणूस मावतं. अपोलोत खालच्या खुर्च्या काढल्या तरी पाचएक हजार. लंडनला दोनच रात्री. विक्रीच्या दिवशी लेक शाळेत आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दोघी चोरून फोनवर. रांगेतला आमचा नंबर बघूनच मी फोन उलटा ठेवला.

फेब्रुवारीत दोन तिकिटं घेतली ती पुनर्विक्रीच्या एका साइटवर. दोघींचे मिळून २८४ पौंड, त्यात 'सेवाशुल्क' नावाचं जे काही असतं ते शेवटच्या पानावर उगवलं. कसली सेवा, देव जाणे. पण पैशांपेक्षा राग या गोष्टीचा की 'स्टँडिंग' हा शब्द त्या पानावर कुठेही नव्हता. अपोलोच्या स्वतःच्या नकाशावर तो ठळक आहे. तो नकाशा मी पाहिला काल रात्री बारा वाजता, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून. तेव्हा नियम एकच: तिकीट कुठूनही घ्या, पण आधी थिएटरचा स्वतःचा नकाशा उघडा आणि आपला भाग त्यावर शोधा. छापील किमतीला किंवा त्याहून कमीत तिकिटं विकणारी ट्विकेट्ससारखी जागा आहे. आदल्या आठवड्यात तिथे रोज डोकवावं, लोकांचे बेत ऐनवेळी बदलतात. हे मला रांगेतल्या एका बाईने सांगितलं. तिचं तिकीट माझ्या एका तिकिटाच्या निम्म्यातही नव्हतं. हे तिने सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

लंडनमध्ये आम्ही साउथ हॅरोला चुलत बहिणीकडे उतरलो होतो. बुधवारी क्यू गार्डन, संध्याकाळी नदीकाठ, बहिणीच्या हातची डाळवांगी. छान गेला दिवस, पुढे चला.

गुरुवारी दुपारी एकला निघायचं ठरलं होतं. पण साडेबाराच्या सुमारास ब्रिटनचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आपल्या सरकारी निवासस्थानाच्या दारासमोर येऊन राजीनाम्याचं बोलायला लागला आणि बहीण, मेहुणे, मी असे तिघं टीव्हीसमोर चिकटलो. लेक पायात बूट घालून दारात उभी. शेवटी म्हणाली, "आई, तो जातोय ना, मग आपण पण जाऊया की." निघायला अडीच झाले. मुली सकाळपासून रांगेत होत्या, पुढच्यांच्या तर मनगटावर मार्करने नंबर लिहिलेले. हे नंबर मुलींनीच आपापसात वाटलेले, पण ते सगळ्या पाळतात, वाद घालू नका. आम्ही पोचलो तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. उभ्याच्या तिकिटावर पुढची जागा हवी असेल तर दुपारी बारा म्हणजेसुद्धा उशीर. नको असेल तर थेट साडेसातला या, मधल्या वेळेला काही अर्थ नाही. आम्ही नेमक्या मधल्या वेळेला गेलो.

आता पिशवीची कथा. जरा लांबेल.

माझ्याकडे पाठीवरची पिशवी होती. आत दोन पाण्याच्या बाटल्या, लेकीचं जाकीट आणि स्टीलच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. रांगेतल्या पोरी म्हणाल्या, ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत जाणार नाही. (तिकिटाबरोबर आलेल्या ईमेलमध्ये ते होतं. वाचतं कोण!) लेकीला रांगेत ठेवून मी पिशवी ठेवायला जागा शोधत निघाले. स्टेशनात लॉकर दिसले नाहीत. मागच्या गल्लीतल्या एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता, 'बॅगा ठेवतो'. किती? तेरा पौंड. एका पिशवीचे. पावती? माणसाने खांदे उडवले, पिशवी काळ्या प्लास्टिकमध्ये कोंबली आणि काउंटरमागे भिरकावली. डब्याचा आवाज आला. "अकरापर्यंत उघडं आहे," म्हणाला.

कार्यक्रम सुटला सव्वादहाला. दुकानाचं शटर खाली.

मी त्या शटरवर पाच मिनिटं हात आपटले. वरच्या खिडकीतून कोणीतरी शिवी दिली. शेवटी आज सकाळी, लीड्सची गाडी दुपारची असताना, मी सामानासकट पुन्हा हॅमरस्मिथला. तर तोच माणूस म्हणतो, रात्रभर ठेवल्याचे आणखी पाच. अठरा पौंड! तेवढ्यात नवी पिशवी आली असती, पुऱ्यांसकट. मी दिले, कारण डबा आईचा होता. तेव्हा नीट ऐका: खिशात फोन, कार्ड, किल्ली. बस. जाकीट कमरेला बांधा. पाण्याची काळजी नको, इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं. पुऱ्या रांगेतच खाऊन संपवा, आजूबाजूच्या पोरींना द्या, ओळखी होतात. पिशवी कोणाकडेही ठेवू नका.

रांगेत मजाही आली, नाही असं नाही. आमच्या पुढे साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, नातीला घेऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, १९७९ मध्ये मी इथेच गायिका केट बुशला पाहिलंय. तेव्हा या वास्तूचं नाव हॅमरस्मिथ ओडिअन होतं. त्याआधी, १९३२ मध्ये, सिनेमागृह म्हणून हिचा जन्म झाला. केट बुशचा तो पहिला दौरा, सहा आठवड्यांचा, आणि शेवटचाही तोच. पुन्हा ती अशी लोकांसमोर आली थेट २०१४ मध्ये, याच रंगमंचावर, २२ रात्री. दौरा तो नव्हेच, एकाच जागी मुक्काम. आणि गेल्या महिन्यात तिचं १९८५ चं गाणं इथे पहिल्यांदाच पहिल्या नंबरावर आलं, माझ्या लेकीला ते नवीनच वाटत होतं. बाई म्हणाल्या, पहिला दौरा बघून घ्यावा, दुसरा निघेलच असं नाही. नात तोंडावर जांभळे तारे चिकटवत होती, तिने काही ऐकलं नाही.

दारं सातला उघडली. आठच्या सुमारास बेबी क्वीन. मूळची दक्षिण आफ्रिकेची, आता लंडनकर, युरोपातल्या कार्यक्रमांत सुरुवातीला तीच गायची. ती चांगली. वाईट होता तो त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास. रांगेतले चार तास ठीक होते, कठड्यावर टेकता येत होतं. आत टेकायला काही नाही, भिंत मिळाली तर नशीब. माझी उंची पाच फूट एक इंच. समोर जाड तळाचे बूट घातलेली सहा फुटांची पोरगी. तिच्या दंडाच्या आणि शेजारणीच्या आंबाड्याच्या मधून हातभर रुंदीचा रंगमंच दिसत होता, त्यात एक माइक आणि एक गिटार. ती चौकट हातची जाऊ नये म्हणून मी जागेवरून हलेना. डावा गुडघा आधी दुखला, मग बधिर झाला. पुढून अधूनमधून एखादी मुलगी पांढरीफटक होऊन बाहेर काढली जायची, आणि पाण्याचे कागदी पेले हातोहात मागे सरकायचे. दुपारचं नीट जेवण घालूनच मुलींना पुढे सोडा. ग्लुकोजच्या बिस्किटांवर हे निभत नाही.

मग ऑलिव्हिया आली. तिसरंच गाणं 'ड्रायव्हर्स लायसन्स', ज्याने जानेवारी २०२१ मध्ये तिला एका आठवड्यात जगभर पोचवलं. पाच हजार मुली पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ओरडून गात होत्या आणि अर्ध्या रडत होत्या. लेक कुठेतरी पुढे होती. तिचा आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला असं वाटलं. अर्थात ते शक्य नाही. माझ्या चौकटीतला माइक रिकामा झाला होता, ती रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला गेली असावी. मला काही दिसत नव्हतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. गुडघा मात्र वाटत होता.

आणि तासाभरात संपलं! घड्याळ दोनदा पाहिलं. ही फसवणूक नाही, साधा हिशेब आहे. पहिला दौरा म्हणजे एकच अल्बम, तो अकरा गाण्यांचा, सगळा मिळून पस्तीस मिनिटांचा. एखादं दुसऱ्याचं गाणं, एखादं तिच्या टीव्ही मालिकेतलं, थोडं बोलणं, की झाला तास. तीन-तीन तासांच्या मैफली ऐकत वाढलेल्या माणसाला ते मध्यंतर वाटतं. तेव्हा तासावर भागाकार करून पैसे मोजू नका, दुखतं.

माझा निकाल असा: पंधरा वर्षांच्या मुलीसाठी खालचं उभ्याचं तिकीट, वयाची अट आधी वाचून. तुमच्यासाठी वर सर्कलमध्ये, म्हणजे बाल्कनीत, खुर्ची. एकत्र बसण्याचा अट्टहास करू नका, तसंही ती तुमच्याजवळ थांबणार नाही. भेटायची जागा आधी ठरवा. 'बाहेर' ही जागा नव्हे. शेजारच्या सेंट पॉल चर्चचं कुंपण चांगलं, रात्रीही सापडतं. फोनवर विसंबू नका, लेकीचा चित्रीकरण करून करून नवालाच गतप्राण झाला होता.

हॅमरस्मिथ नावाची स्टेशनं दोन आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली आणि डिस्ट्रिक्ट मार्गांचं एक, हॅमरस्मिथ अँड सिटी आणि सर्कलचं दुसरं. 'स्टेशनवर भेटू' म्हणणाऱ्याला कोणतं ते विचारा. हॅरोकडे जायचं असेल तर पिकॅडिलीच्या गाडीवरची पाटी बघून चढा, रेनर्स लेन किंवा अक्सब्रिज हवं. नाहीतर मध्यरात्री हीथ्रोला पोचाल. गाडीने येणार असाल तर हॅमरस्मिथ पूल वाहनांना एप्रिल २०१९ पासून बंद आहे. पलीकडे बार्न्सला गाडी लावून चालत पूल ओलांडता येतो.

लेकीचा आवाज बसलाय. सकाळपासून कागदावर लिहून बोलतेय. मघाशी लिहिलं, 'भूक.' पीटरबरो मागे पडलं. अठरा पौंडांच्या पुऱ्या आहेत, मऊ पडल्यात, पण संपवतोय.