पद्मिनी घेऊन महाबळेश्वर: खंबाटकीतलं मिसिंग आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी कार घेऊन महाबळेश्वरला जायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी काळी-पिवळीचे सगळे जोक आधीच मारून घेतले. 1089 सीसी, कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पहाटे निघालात तर कात्रजचा ट्रॅफिक लागत नाही आणि इंजिनही थंड हवेत खूश असतं. आम्ही उशिरा निघालो कारण मामांचा चहा.

शिरवळपर्यंत एकदम मक्खन. खंबाटकी घाट चढताना सेकंडमध्ये गाडी मिस मारायला लागली (सिलेंडर मधूनच पेटत नाही, तेच मिसिंग), मग धक्के, मग सायलेन्सरमधून एक फटाका आणि बंद. बाजूला घेतली, दगड लावला. थोड्या वेळाने स्टार्ट झाली, दोन वळणं नीट गेली आणि परत तेच. एक टेम्पोवाले थांबले, "दादा, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, खोलून फुंका." मामा म्हणाले पेट्रोल गरम होऊन पंपात वाफ धरतेय, फडकं ओलं करून टाक. दोन्ही शक्य आहे, हल्ली इथेनॉलवालं पेट्रोल असल्याने वाफेचा त्रास वाढलाय आणि जुने रबरी पाईपही त्याने लवकर खराब होतात. पण घाटात कार्बोरेटर खोलायचा नाही, एक जेट (बारीक भोकाचं पेट्रोलचं नोझल) गवतात पडला की ट्रिप तिथेच संपली.

आधी हे बघा. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकवा आणि इंजिन बंद असताना हाताने थ्रॉटल ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली म्हणजे पेट्रोल पोचतंय. आमच्यात मस्त उडत होती. आता करंट. प्लग काढून वायरला लावायचा, बॉडीला टेकवायचा (उडालेल्या पेट्रोलपासून लांब, आणि वायर कोरड्या फडक्याने धरा, नाहीतर करंट तुम्हीच चेक कराल) आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. हे गाडी गरम असताना, बंद पडल्या पडल्या करायचं, थंड झाल्यावर सगळं ठणठणीतच दिसतं. स्पार्क निळा, कडक पाहिजे, आमचा पिवळट, मरतुकडा. डेल्कोचं (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढलं तर पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले आणि उघडताना त्यांच्यातच ठिणग्या. म्हणजे कंडेन्सर गेलाय, पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा. गरम झाला की मरतो, गार झाला की जिवंत, म्हणूनच लोकांना वाफेचा प्रॉब्लेम वाटतो.

मामांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात सुपारीच्या डबीत नवा कंडेन्सर निघाला! पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गॅप 0.45 मिमीच्या आसपास फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावला आणि गाडी आपल्या नेहमीच्या आवाजात आली. त्याच गाडीचा कंडेन्सर मिळाला नाही तर दुसऱ्या पॉइंटवाल्या गाडीचाही तात्पुरता चालतो, बॉडी नीट अर्थ करून वायर कॉईलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला जोडा, जुन्याची वायर काढून ठेवा.

हे सगळे सिलेंडर एकदम गडबडतात तेव्हाचं. एकच सिलेंडर सतत मिस असेल तर आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) इन्सुलेटेड पकडीने एकेक प्लगची वायर काढून बघा, जी काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही तो सिलेंडर आजारी. मग प्लग, वायर, कॅपला तडा, आणि तरी नाही तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघा.

पुढे सुरूर फाट्याहून वाई, ढोल्या गणपतीला नमस्कार, मग पसरणी घाट. टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर, हवा विरळ, त्यामुळे मिक्स्चर थोडं रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आयडल जरा लंगडतो, लगेच स्क्रू पिळत बसू नका, खाली आल्यावर आपोआप नीट होतं.

सोबत काय: कंडेन्सर, पॉइंट, रोटर (डेल्कोतला फिरणारा तुकडा), एक प्लग, फॅनबेल्ट, पेट्रोलचा पाईप क्लिपांसकट, पाण्याचा कॅन. उतरताना पसरणीत सेकंडच ठेवा, ड्रम तापले की पेडल दाबत राहता आणि गाडी ऐकत नाही, मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे.