हिंदीतला अर्ज, कन्नडातली वही

आमच्या गल्लीतल्या गटाराची गोष्ट आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आमचं गाव. पावसाळ्यात गल्लीच्या वरच्या अंगाचं सगळं पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. मेंबरला विचारलं की, "गटार यादीत हाय की ओ, होतंय बघा." अशी तीन वर्षं गेली. यादी मात्र कुणी बघितलेली नव्हती.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहे. तिथल्याच एका सोबत्यानं माहिती अधिकाराचं डोक्यात घातलं. रात्री बसून मराठीत दोन पानी अर्ज लिहिला. त्यात गटार, डास, आईचा घसरून मोडलेला हात, मागच्या निवडणुकीतली आश्वासनं, सगळं होतं. सकाळी पंचायतीत गेलो. बिल कलेक्टरनं, म्हणजे पंचायतीच्या वसुलीच्या माणसानं, अर्ज उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "मराठीत चालत न्हाई ओ. कन्नडातनं आणा. आणि हे कशाला पायजे तुम्हाला?"

मला राग आला. सीमाभागातल्या माणसाला भाषेवरून परत पाठवलं की राग आधी येतो, विचार मागून. पण गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी कायदाच काढून पुढ्यात ठेवला. २००५ च्या या कायद्यात अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं लिहिलंय. आमच्याकडे राजभाषा कन्नड. म्हणजे मराठीपुरतं बिल कलेक्टरचं बरोबर होतं, पण कन्नडाचीच सक्ती करणं चूक होतं. आणि माहिती कशाला हवी ते सांगायची अर्जदाराला गरजच नाही. गुरुजी म्हणाले, "आठवीतली हिंदी आठवतीया न्हवं? मग लिही."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त कामाची होती. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि शब्द शक्यतो दीडशेच्या आत ठेवायचे. माझे डास, आईचा हात, आश्वासनं, सगळ्यावर त्यांनी लाल रेघ मारली. उरलं एवढंच: मागच्या दोन वर्षांतल्या ग्रामसभांची नडावळी वही (म्हणजे सभेच्या कामकाजाची वही), हजेरी आणि क्रियायोजनेची, म्हणजे करायच्या कामांची, यादी मला बघायची आहे, आणि लागतील त्या पानांच्या प्रमाणित नकला पाहिजेत. "बघायची आहे" हे त्यांनी मुद्दाम घालायला लावलं. नुसती नक्कल मागितली तर ते देतील तेवढंच पान हातात येतं. वही समोर असली की मागची-पुढची पानंही चाळता येतात.

"निवेदन है कि" अशी सुरुवात करून अर्ज लिहिला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. पंचायतीत पोच देईनात, म्हणून स्पीड पोस्टनं पाठवला आणि पावती जपून ठेवली.

तीस दिवस गेले. उत्तर नाही. गप्प बसणं हीच तिकडची सवय आहे, असं आता माझं मत झालंय. मग तालुका पंचायतीच्या ई.ओ. (कार्यकारी अधिकारी) साहेबांकडे पहिलं अपील टाकलं. त्याला पैसे लागले नाहीत. सोबत अर्जाची आणि पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स जोडली. आठ दिवसांत पीडीओंचा, म्हणजे आमच्या पंचायत विकास अधिकाऱ्यांचा, फोन आला. "अहो, अपील कशाला केलात? या की बघायला."

वही कन्नडात. मला दुकानाच्या पाट्या वाचता येतात, पण सरकारी वळणाचं हाताचं कन्नड म्हणजे आमच्यासाठी भिंतच. मराठीत भाषांतर करून द्यायची सक्ती या कायद्यात नाही. म्हणून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, असलेल्या पुतणीला नेलं. पीडीओ जरा कुरकुरले, मग खुर्ची दिली. ती वाचायची, मी मराठीत टिपण काढायचो. बिल कलेक्टर मधेच तिचे उच्चार दुरुस्त करायला लागला आणि नंतर स्वतःच वाचून दाखवू लागला.

मला वाटत होतं की कुणीतरी पैसे खाल्ले असणार. तसं काही सापडलं नाही. पहिल्या वर्षी आमचं गटार यादीत सहाव्या नंबरला होतं. दुसऱ्या वर्षीच्या ग्रामसभेत यादी नव्यानं लावली, तेव्हा ते वगळलं. "काका, आपल्या गल्लीचं कुणीच न्हाई बघा यात," पुतणी म्हणाली. हजेरीची चार पानं, आणि आमच्या गल्लीची एक सही नाही. वरच्या गल्लीच्या सह्या मात्र ओळीनं. त्यांचं गटार दुसऱ्या नंबरला.

गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद असतो, आणि सहा महिन्यांतून एकदा तरी सभा घ्यावीच लागते. मग आम्ही का गेलो नाही? दवंडी ऐकल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. नोटीस फळ्यावर लागली होती, पण कन्नडात.

अकरा पानांच्या नकला घेतल्या. पानाला दोन रुपयेप्रमाणे बावीस रुपये झाले असते, पण मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते. गुरुजींनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बोलायची हिंमत झाली. पीडीओंनी वाद न घालता शिक्के मारले.

मग दुसरा कागद दिला, तो मात्र मराठीत. माहितीच्या अर्जाला तीन भाषांची अट असली, तरी गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. तसं घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. ग्रामसभेची नोटीस मराठीतही लावा, एवढीच मागणी. खाली गल्लीतल्या एकतीस जणांच्या सह्या. या खेपेला पोच मिळाली.

पुढच्या सभेआधी फळ्यावर कन्नड नोटिशीशेजारी हातानं लिहिलेला एक कागद लागला. अक्षर बिल कलेक्टरचं. "ग्रामसबा" असं लिहिलं होतं. कुणी दुरुस्त करायला गेलं नाही.

सभेला आमच्या गल्लीतले चौदा जण होतो. गटार आता चौथ्या नंबरला आहे, खोदाई अजून नाही. पाऊस ओसरला की पुन्हा वही बघायला जायचं ठरलंय. पुतणी म्हणते, या वेळी आईस्क्रीमवर भागणार नाही, गाडीत पेट्रोल घाल.